पंधरा दिवस ट्रायल

गंगापूर रोडच्या दवाखान्यात नेहते मॅडमनी
दोन्ही कानांत शेंगदाण्याएवढी यंत्रं बसवली
आणि विचारलं, "कसं वाटतंय, काका?"
मी दचकलो.
ओठ मोठे करून विचारलं नव्हतं त्यांनी.

अंबडला एकतीस वर्षं पॉवर प्रेसवर.
कान कधी गेले कळलं नाही,
पगार जातो तसे गेले, थोडे थोडे.
मग रविवार कारंज्यावरून चार हजारांचं मशीन आणलं.
ते शिट्टी मारायचं, आणि घरात एक वाटी पडली
की अख्खा भांडीबाजार डोक्यात कोसळायचा.
तरी बरं चाललं होतं. खरंच.
जे ऐकूच येत नाही
त्याची तक्रार कोण कुठे करणार?

मग हे पंधरा दिवस.
फ्रिज बोलतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
चपलांना आवाज असतो, डावीचा वेगळा,
म्हणजे मी एका पायावर जरा जास्त रेलतो.
चिवडा खाताना सगळं डोकं कुरकुरतं,
पोहे वेगळे, दाणे वेगळे,
आणि तळलेला कढीपत्ता तर असा मोडतो
जसा पलीकडच्या खोलीत कोणी कागद चुरगळावा.
सोमेश्वरला गेलो, धबधब्याकडे पाठ करून उभा राहिलो.
तरी तो होताच.
आणि स्कूटरचा इंडिकेटर टिकटिकतो!
इतकी वर्षं मी सिडकोपासून द्वारकेपर्यंत
डावीकडे वळणार होतो.
मागून लोक काय ओरडायचे ते आत्ता कळलं.

आणि हेमलता.
ओरडूनच सांगायचं म्हटल्यावर
माणूस लागेल तेवढंच बोलतो:
गोळी घेतली? सिलिंडर आला. उद्या बँक.
त्या पंधरा दिवसांत ती बिनकामाचं बोलली.
मेथी निवडताना, कुणाला उद्देशून नाही असं,
"अर्धी जुडी तर मातीच."
"पाटलीणबाईंचं पोपटी पातळ नवं दिसतंय."
एकदा दिवा घालवल्यावर, "झोपलात?"
अंधारात ओठ दिसत नव्हते,
आणि मी म्हणालो, "नाही."
पुढे ती काही बोलली नाही. मीही नाही.

सोळाव्या दिवशी डबी परत.
जोडीचे एक लाख ऐंशी हजार.
तिनं आणि मी हिशेब वेगवेगळा मांडून पाहिला,
उत्तर एकच आलं.
मॅडमनी फॉर्म दिला: अनुभव कसा वाटला, एक ते पाच.
मी तीनवर खूण केली.
पाचवर केली असती
तर त्यांनी पोराला फोन केला असता.

आता जुनं मशीन पुन्हा कानात.
त्याची काही चूक नाही, ते पूर्वीइतकंच चालतं.
मीच पूर्वीइतका राहिलो नाही.
फ्रिजजवळून जाताना हात लावून बघतो.
चिवड्याचा घास तोंडात धरून
उगाच थोडा वेळ थांबतो.
हेमलताचीही सवय मोडली.
हळूच काही बोलते, थांबते, मग तिला आठवतं.
मोठ्यानं सांगायला तोंड उघडते,
पण मोठ्यानं सांगण्यासारखं ते नसतंच.
"काही नाही," म्हणते.
तेवढं मला ओठांवरून अचूक वाचता येतं.

परवा कॉलेज रोडवरून वळलो,
जेहान सर्कल येईपर्यंत सरळच चाललो होतो.
मागून तिचं बोट माझ्या खांद्यावर:
टक, टक, टक, टक.
वाटलं काही विसरली. गाडी बाजूला घेतली.
ती हँडलकडे दाखवून हसत होती.
बटण बंद केलं. बोट थांबलं.

पुढच्या वळणानंतर
बटण मी जरा उशिरा बंद केलं.